रोजगार हमी योजना, महाराष्ट्र
गरिबाला शिधा-पैसा द्यावा की काम, या वादाला महाराष्ट्राने कायद्याने दिलेले उत्तर. कल्पना वि. स. पागे यांची, १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला. १९७७ चा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला अंगमेहनतीचे काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता. खर्चासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला.

समाजवादी व डाव्या संघटनांनी हा हक्क मानला, तर टीकाकारांना खडी फोडण्यात पैसा वाया जाताना दिसला. अर्थतज्ज्ञ नीलकंठ रथ यांनी मात्र १९८५ मध्ये, कर्ज देऊन गाय-म्हैस घ्यायला लावण्यापेक्षा मजुरीच बरी, असे मांडले. भत्ता क्वचितच मिळाला, ही योजनेची खरी लंगडी बाजू.

कोकणातला कामकरी मुंबईची वाट धरणारा; त्यामुळे येथे मातीकामाला गर्दी कमीच. १९९० पासून योजनेला फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हा चित्र पालटले. चिपळूण तालुक्यातील वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउतारी, जमिनीला हे मानवणारे होते. खड्डे खणून आंबा-काजूची कलमे लावायची आणि मजुरीचे अनुदान घ्यायचे. पण ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याला बाग कुठली?