अवर्षणाचा मुलूख आणि आपले गाव

श्री नाथबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन कलशारोहण होत आहे. या प्रसंगी गावाचा इतिहास लिहावा, असे समितीने मला सुचविले. आमच्या गावात कोणी राजा झाला नाही की लढाई झाली नाही. खानापूर-आटपाडीकडील गावांचा इतिहास पडलेल्या आणि त्याहून अधिक न पडलेल्या पावसाचा आहे.

महाबळेश्वरास वर्षाला दोनशे इंचांच्या वर पाऊस होतो. तेथून पूर्वेस दीडशे किलोमीटरच्या आत माण, खटाव, आटपाडीकडे यावे तो वीस इंचांवर येतो. ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते होतात. आमच्या वाट्याला वारा उरतो. खानापूर तालुका पूर्वी साताऱ्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्यास सांगली नाव मिळाले. जिल्हा बदलला, पर्जन्यमान तेच राहिले.

१३९६ पासूनचा दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे टिकला, असे परंपरा सांगते. १८७६-७७ च्या दुष्काळाची खूण म्हणजे माणगंगेवरील राजेवाडीचा तलाव. तो दुष्काळी कामातून उभा राहिला. १९७२ चा दुष्काळ मात्र आमच्या वडीलधाऱ्यांनी अंगावर काढला. खडी फोडायची, नालाबंडिंगची माती वाहायची, रेशनवरची तांबडी मिलो खायची आणि पोरांसाठी सुकडी घरी आणायची. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आम्हां कचेरीतील लोकांना दुष्काळ दिसतो तो आणेवारीच्या आणि पुढे पैसेवारीच्या आकड्यांत. पन्नास पैशांच्या खाली आकडा आला की टंचाई. परंतु दावणीची खिलार जोडी खरसुंडीच्या बाजारात सोडून रिकामा कासरा घेऊन परत येणाऱ्या माणसाची पैसेवारी कोणत्या रकान्यात लिहावी?

अशा वर्षांनी गावे रिकामी केली. आमच्या भागातील तरुण सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरले. सराफ पेढीवरची धूळ विकत घ्यायची, भट्टीत आटवून तिच्यातला सोन्याचा कण वेगळा काढायचा. आज केरळापासून पंजाबापर्यंत सराफ बाजारांत विटा-आटपाडीकडचा माणूस सापडतो. या स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी आहे, तीत परगावचे पत्ते गावातील पत्त्यांहून अधिक आहेत. बाहेर गेलेल्यांनी शिखर उभे केले, हे मान्य. तथापि जे गेले नाहीत, ज्यांच्या घरी टँकरच्या रांगेतून दोन घागरी आल्या तर त्यांतील एक तांब्या देवाच्या अभिषेकास गेला, त्यांची नावे यादीत नाहीत. ती असावयास हवी होती, असे मी समितीस सांगितले. रक्कम नाही तर नाव कसे छापावे, असे उत्तर मिळाले. ते नियमास धरून आहे, म्हणून मी येथे लिहून ठेवतो.

आता पाणी आले आहे. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी अडवून, टप्प्याटप्प्याने उचलून ते आमच्याकडे येते. टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. देवाधर्माच्या रूढींवर त्यांनी आयुष्यभर कोरडे ओढले, आणि त्यांच्याच गावचे पाणी आमच्या देवळाला! नाथबाबांची त्याला हरकत दिसत नाही.

पाण्याने चिंता संपली असेही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली, आणि त्याच दिवसांत जतकडे टँकर चालू होते. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास अवकाळी पावसाने द्राक्षबागा घडांसकट नासल्या. ज्या पावसाची आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, तो आता आमच्या लोकांना भीती घालतो.

बहात्तरच्या आधी सभामंडपाचा पाया खणला होता. विहिरी आटल्या, चुना मळायला पाणी उरले नाही, गवंडी निघून गेले. तो पाया तसाच राहिला. आम्ही लहानपणी त्यात लपाछपी खेळलो. या खेपेस स्लॅबवर पाणी मारण्याची पाळी गावातील पोरांनी लावून घेतली होती. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारले. एकही टँकर मागवावा लागला नाही.