जॉबर, शिकाऊ उमेदवार आणि मार्गदर्शक : कामाच्या ठिकाणी शिकवण्याचा इतिहास

प्रस्तावना

नव्या कर्मचाऱ्याला एखाद्या अनुभवी सहकाऱ्याशी मार्गदर्शक म्हणून जोडून देण्याची पद्धत आज अनेक कार्यालयांत दिसते. ही कल्पना अलीकडची वाटते. पण नवख्याला काम कोणी शिकवायचे आणि शिकवणाऱ्याच्या हाती त्याच्यावर किती सत्ता असावी, हे प्रश्न जुने आहेत. प्रस्तुत पाठात मुंबईच्या कापडगिरण्यांच्या आधारे आपण त्यांचा विचार करू.

१. गिरणीतील जॉबर

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली. पुढील दशकांत रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून हजारो माणसे गिरण्यांत आली. बहुतेकांना शिकवण्याची वेगळी सोय नव्हती. नवखा मुलगा नात्यातल्या किंवा गावच्या कामगाराशेजारी साच्यापाशी उभा राही आणि बघत बघत शिके. त्याला गिरणीत घेणारा मात्र जॉबर असे. भरती, कामाची वाटणी, देखरेख, रजा आणि बडतर्फी अशा सर्व बाबी त्याच्या शब्दावर चालत. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. नव्या माणसाला खोली मिळवून देणे, उधारीची सोय करणे हेही अनेकदा जॉबरच पाही.

म्हणजे आधार आणि अंकुश एकाच हातात होते. काम मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. ज्याच्याकडे अडचण सांगायची, त्याच्याच हाती नोकरी असल्याने तक्रार कोणाकडे करणार?

मात्र जॉबरची सत्ता निरंकुश होती असे समजू नये. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, जॉबरला वस्तीतील संबंध आणि कामगारांची संमती सांभाळावी लागे. ती गमावली तर तो मालकाच्याही उपयोगाचा राहत नसे.

२. सत्तेची विभागणी

१९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने (व्हिटली आयोग) १९३१ च्या अहवालात जॉबरकडून भरतीचा व बडतर्फीचा अधिकार काढून घ्यावा आणि कारखान्यात कामगार अधिकारी नेमावा, अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आली. रोजची बदली भरती जॉबरच्या मर्जीवर राहू नये, हा तिचा हेतू होता. जॉबर लगेच नाहीसा झाला नाही. पण शिकवणे व देखरेख एकाकडे आणि नोकरीचा निर्णय दुसऱ्याकडे असावा, हे तत्त्व पुढे आले.

३. शिकाऊ उमेदवारांचे कायदे

दुसरा मार्ग कराराचा. १८५० च्या कायद्यानुसार १० ते १८ वर्षे वयाच्या मुलांना जास्तीत जास्त सात वर्षांसाठी कारागिराकडे बांधून देता येत असे. अनाथ व गरीब मुलांना हुन्नर मिळावा, हा त्यामागचा उद्देश होता. तो रद्द करून आलेल्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने नोंदणीकृत करार आणि विद्यावेतन यांची तरतूद केली. परंतु शिकाऊ उमेदवार हा 'कामगार' नव्हे, असेही त्यात स्पष्ट केले. त्यामुळे शिकण्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, नोकरीची हमी मात्र मिळाली नाही.

४. आजचा मार्गदर्शक

१९८५ मध्ये कॅथी क्रॅम या अमेरिकन अभ्यासिकेने कामाच्या ठिकाणच्या मार्गदर्शनाची दोन कार्ये मांडली : नोकरीतील प्रगतीला मदत आणि मानसिक आधार. गिरणीतला नवखा कामगारही हेच दोन्ही शोधत होता, पण त्यासाठी त्याला दस्तुरी मोजावी लागे. म्हणून असा उपक्रम सुरू करणाऱ्या संस्थेने तीन गोष्टी पाहाव्यात. मार्गदर्शकाकडे नवख्याच्या मूल्यमापनाचा अधिकार नसावा. शिकवण्याचा वेळ कामाचाच वेळ मानावा. जोडी जमली नाही, तर ती बदलून मागण्याची वाट खुली असावी.

सारांश

शिकवणारा नेहमीच लागतो. त्याचा आधार नवख्याला ओझे होईल की बळ देईल, हे बऱ्याच अंशी त्याच्या हाती किती सत्ता आहे यावर ठरते.

स्वाध्याय

१. जॉबरच्या भूमिकेतील आधार आणि अंकुश सोदाहरण स्पष्ट करा.
२. १८५० आणि १९६१ च्या कायद्यांची तुलना करा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या कारखान्यात किंवा दुकानात नवख्याला काम कोण शिकवतो, याची माहिती घेऊन टिपण लिहा.