उजेडाच्या पट्ट्या

टेबलावर लेसरने पेटीच्या पट्ट्या उमटवणारं यंत्र पाहिलं की नजर आधी त्या लाल रेघांवर खिळते. पण या वाद्याची कुळकथा रेघांची नाही, स्पर्शाची आहे. पट्टी दाखवणं सोपं; बोट नेमकं कधी टेकलं हे ओळखण्यातच सगळी बुद्धी खर्ची पडली.

मूळपुरुष १९९१ सालचा. केंब्रिजमधल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पिअर वेलनर यांनी ‘डिजिटल डेस्क’ उभा केला. मेजाच्या वर प्रोजेक्टर आणि कॅमेरा. मेजावर उमटलेला कॅल्क्युलेटर बोटाने चालवायचा. कॅमेऱ्याला बोट दिसे, पण ते टेकलंय की तरंगतंय, हे वरून कळणं कठीण. म्हणून वेलनर यांनी मेजाला खालून मायक्रोफोन लावला. बोट कुठे आहे ते कॅमेरा सांगे, टकटक झाली का ते मायक्रोफोन.

हा सगळा संसार डोक्यावर टांगलेला. सुटसुटीतपणा आला २००२च्या सुमारास, खिशात मावणाऱ्या लेसर कीबोर्डांमुळे. ते अर्थात टायपिंगसाठी होते. त्यांतून रुळलेली युक्ती फार देखणी आहे. टेबलापासून जेमतेम काही मिलिमीटर उंचीवर इन्फ्रारेड प्रकाशाचा अदृश्य पातळ पडदा पसरायचा. बोट त्यात शिरलं की टोक उजळतं आणि फिल्टर लावलेल्या कॅमेऱ्याला तेवढाच ठिपका दिसतो. बोट जितकं दूर, तितका ठिपका चित्रात वर. मायक्रोफोनची गरजच संपली.

याच सुमारास ‘ओपनसीव्ही’ ही इंटेलमध्ये १९९९ साली सुरू झालेली संगणकीय दृष्टीची लायब्ररी सर्वांना खुली झाली होती. पुढे वेबकॅम स्वस्त झाले आणि हौशी मंडळींना घरबसल्या असं वाद्य जुळवता येऊ लागलं. पट्ट्यांचे चार कोपरे एकदा दाखवून दिले, की ठिपका कोणत्या पट्टीवर पडला ते गणिताने काढता येतं. मधल्या सप्तकातली काळी दोन दाबली, की सिंथेसायझरकडे मिडी या वाद्यांच्या डिजिटल भाषेतला ६३ हा आकडा जातो आणि सूर वाजतो.

मात्र टायपिंगला चालणारा उशीर संगीताला चालत नाही. सेकंदाला ३० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद जातात. द्रुत लयीत तेवढ्यानेही सूर मागे पडतो. १२० चित्रांचा कॅमेरा हे अंतर आठवर आणतो.

उरतो प्रश्न जोराचा. प्रकाशाचा पडदा फक्त ‘बोट आलं’ एवढंच सांगतो; हळुवार की जोरात, ते नाही. पियानोच्या आधीच्या, तार छेडणाऱ्या हार्पसिकॉर्ड या वाद्याची हीच मर्यादा होती. फ्लोरेन्समध्ये वाद्यकार क्रिस्तोफोरी यांनी १७००च्या सुमारास तारेवर हातोडी आणली, तेव्हा पट्टीला बोटाचा जोर कळू लागला आणि पियानो जन्मला. उजेडाच्या पट्ट्या अजून हार्पसिकॉर्डच्याच पायरीवर आहेत. खाली येणाऱ्या बोटाचा वेग पुरेशा वेगवान कॅमेऱ्याने मोजणं ही या कुळातली पुढची खरी कामगिरी आहे, आणि वाद्य करणाऱ्यांनी आपली मेहनत रेघा रेखीव करण्यापेक्षा तिथेच लावावी.