इट्राकोनाझोल

इट्राकोनाझोल हे बुरशीजन्य (कवकजन्य) संसर्गांवर मुख्यतः तोंडावाटे दिले जाणारे, ट्रायाझोल गटातील औषध आहे. बेल्जियममधील यान्सेन या औषधनिर्मिती संस्थेने ते विकसित केले. अमेरिकेत त्याला १९९२ साली मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या सूचीत त्याचा समावेश आहे. भारतात ते अनुसूची 'एच'मधील औषध असून वैद्यकीय चिठ्ठीशिवाय त्याची विक्री करता येत नाही.

कार्यपद्धती

बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. मानवी पेशींत त्याची जागा कोलेस्टेरॉल घेते. इट्राकोनाझोल अर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या विकराला अटकाव करते. त्यामुळे पेशीपटल दुबळे होऊन बुरशीची वाढ थांबते. हे औषध केराटिन या प्रथिनाशी घट्ट बांधले जाते. म्हणून उपचार संपल्यावरही ते त्वचेत काही आठवडे आणि नखांत काही महिने टिकून राहते. नखांच्या विकारात महिन्यातून एकच आठवडा औषध देण्याची पद्धत याच गुणधर्मावर आधारलेली आहे.

उपयोग

गजकर्ण, नखांचा बुरशीसंसर्ग, स्पोरोट्रायकोसिस, हिस्टोप्लाझ्मोसिस आणि ॲस्परजिलोसिसचे काही प्रकार यांवर ते वापरतात. २०२१ साली महाराष्ट्रात ज्याची मोठी धास्ती होती, त्या म्युकरमायकोसिसवर ('काळी बुरशी') मात्र हे औषध उपयोगी मानले जात नाही.

भारतात गेल्या काही वर्षांत गजकर्ण चिवट झाले आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीचे अनेक वाण टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत, त्यामुळे इट्राकोनाझोलचा वापर वाढला. स्टिरॉइड मिसळलेली मलमे मनानेच लावण्याची सवय या दुखण्यात भर घालते. अशा मलमाने खाज तात्काळ शमते, परंतु बुरशी पसरतच राहते आणि चट्ट्याचे रूप बदलल्याने निदानही अवघड होते. घरातील एकाच व्यक्तीने औषध घेतले व इतरांचा संसर्ग तसाच राहिला, तर तो पुन्हा उद्भवतो.

औषध घेण्याची पद्धत

कॅप्सूलमधील औषध विरघळण्यासाठी जठरातील आम्लाची गरज असते. म्हणून कॅप्सूल पोटभर जेवणानंतर लगेच घ्यावी लागते. उपाशीपोटी घेतल्यास औषध पुरेसे शोषले जात नाही. ती अखंड गिळायची असते. याउलट, द्रवरूपातील इट्राकोनाझोल उपाशीपोटीच अधिक चांगले शोषले जाते. एकाच औषधाचे दोन प्रकार आणि नियम नेमके उलटे, यामुळे रुग्णांचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. 'सुबा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या प्रकारात शोषण अधिक होते, म्हणून त्यातील मिलिग्रॅमची मात्रा कमी असते. ६५ मिलिग्रॅमची सुबा कॅप्सूल साधारणतः १०० मिलिग्रॅमच्या जुन्या कॅप्सूलच्या तोडीची मानतात. त्यामुळे केवळ आकडा पाहून एकाऐवजी दुसरी घेता येत नाही.

आम्लपित्तावरील औषधे येथे आड येतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या औषधांनी जठरातील आम्ल घटते आणि साध्या कॅप्सूलचे शोषणही घटते. (नावाचा शेवट सारखा असला, तरी ओमेप्राझोलचा बुरशीरोधक गटाशी संबंध नाही, बुरशीरोधकांच्या नावांत बहुधा 'कोनाझोल' असा शेवट आढळतो.) अँटासिड घ्यायचेच झाल्यास ते इट्राकोनाझोलच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घेण्यास सांगतात.

इतर औषधांशी परस्परक्रिया

या औषधाचा सर्वांत मोठा धोका येथेच आहे. यकृतातील सीवायपी३ए४ हे विकर अनेक औषधांचे विघटन करते. इट्राकोनाझोल त्याला रोखते, त्यामुळे ती औषधे रक्तात साचतात. कोलेस्टेरॉलसाठीच्या सिम्वास्टॅटिन व लोव्हास्टॅटिनबरोबर ते दिल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. म्हणून ही जोडी वर्ज्य आहे. अर्धशिशीवरील अर्गोटामिनही वर्ज्य आहे. डिगॉक्सिन आणि रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन यांचा परिणाम वाढतो. दम्याच्या पंपातील ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसुद्धा शरीरात साचू शकते. पंप ओढणारे रुग्ण त्याला 'औषध' म्हणून मोजत नाहीत आणि डॉक्टरांना सांगायचे विसरतात, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

उलट दिशेने, क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरील फेनिटोइन व कार्बामाझेपिन ही औषधे इट्राकोनाझोलचेच विघटन वाढवून त्याचा प्रभाव जवळजवळ नाहीसा करतात.

दुष्परिणाम व दक्षता

मळमळ, पोटदुखी, जुलाब, डोकेदुखी हे नेहमीचे त्रास होत. पायांवर सूज, रक्तदाब वाढणे आणि रक्तातील पोटॅशियम कमी होणेही आढळते. हे औषध हृदयाचे आकुंचन दुर्बळ करू शकते. २००१ साली अमेरिकी औषध प्रशासनाने याविषयी इशारा दिला. हृदय निकामी होण्याचा विकार असलेल्यांना केवळ नखांच्या संसर्गासाठी ते देऊ नये, असे सांगितले जाते. धाप लागणे किंवा एकाएकी वजन वाढणे ही त्याची लक्षणे असू शकतात.

यकृताची गंभीर इजा विरळा होते, परंतु ती आधी निरोगी असलेल्यांतही झालेली आहे. भूक मंदावणे, अतिथकवा, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही जाणवल्यास औषध थांबवून लगेच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. दीर्घ उपचारांत यकृताच्या रक्तचाचण्या मधूनमधून केल्या जातात. गजकर्ण किंवा नखांच्या विकारासाठी गर्भवतीला हे औषध देत नाहीत. प्रजननक्षम वयातील स्त्रियांना उपचारकाळात आणि त्यानंतरही काही काळ गर्भनिरोधनाचा सल्ला दिला जातो.

जपानमधील घटना

२०२० साली जपानमध्ये एका उत्पादकाच्या इट्राकोनाझोल गोळ्यांत निष्काळजीपणामुळे झोपेचे औषध मिसळले गेले. गोळ्या घेणाऱ्या अनेकांची शुद्ध हरपली, काहींना वाहन चालवताना अपघात झाले आणि मृत्यूंचीही नोंद झाली. त्या गोळ्या बाजारातून परत घेण्यात आल्या व २०२१ मध्ये उत्पादकावर व्यवसाय स्थगितीची कारवाई झाली.