वॉर ऑफ द अ‍ॅरोज

किम हान-मिन दिग्दर्शित कोरियन ऐतिहासिक साहसपट (२०११). १६३६ साली मांचू फौजांनी जोसन राज्यावर दुसऱ्यांदा स्वारी केली, हजारो माणसे कैद करून उत्तरेकडे नेली; त्या धामधुमीत कथा घडते.

राजद्रोही ठरवून मारलेल्या सरदाराचा मुलगा नाम-यी (पार्क हे-इल) हा पट्टीचा तिरंदाज. बहीण जा-इन (मून चे-वॉन) हिला ऐन लग्नाच्या दिवशी शत्रू पळवून नेतात आणि तो एकटाच मागावर निघतो. उत्तरार्ध म्हणजे जंगल-डोंगरांतला जीवघेणा पाठलाग.

चित्रपटाचा खरा नायक मात्र धनुष्यच. कोरियन सैन्याचे खास अस्त्र असलेला आखूड बाण पूर्ण ताणलेल्या धनुष्यावर टिकत नाही. म्हणून तो उभ्या चिरलेल्या बांबूच्या नळीत ठेवून सोडतात. नळी हातातच राहते, बाण वेगाने दूर जातो आणि शत्रूला दिसतही नाही. याउलट मांचू सेनानी जुशिंता (र्यू सुंग-र्योंग) जाडजूड, वजनदार बाण वापरतो. बाणांतला हा फरकच दोघांच्या झुंजीला धार देतो. मांचू पात्रे मांचू भाषेतच बोलतात, हे विशेष दाद देण्याजोगे.

दक्षिण कोरियात ७० लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. पार्क, मून आणि र्यू या तिघांनाही त्या वर्षीचे ब्लू ड्रॅगन पुरस्कार मिळाले.