पटांगणावरचीं भांडणें : हवाई बेटांच्या इतिहासांतील एक प्रकरण

शाळेंतील मुलांच्या भांडणांना इतिहासाच्या पुस्तकांत सहसा जागा मिळत नाहीं. लढाया, तह, राज्यारोहणें, कायदे यांची नोंद होते. मधल्या सुटींत कोणी कोणास काय म्हणून हिणविलें, कोणाच्या डब्याकडे पाहून नाकें मुरडलीं, कोणाला खेळांत घेतलें नाहीं, हें कोणी लिहून ठेवीत नाहीं. श्रोतेहो, जन्म शाळेंत घालविलेल्या माझ्यासारख्या मास्तराला मात्र असें वाटतें कीं, एखाद्या समाजाचें अंतरंग पाहावयाचें असेल तर त्याच्या दरबारापेक्षां त्याच्या शाळेचें पटांगण अधिक विश्वासाचें. मोठीं माणसें मनांतलें झांकून बोलतात. मुलांना ती कला अद्याप साधलेली नसते. घरीं हलक्या आवाजांत ऐकलेलें तीं पटांगणावर मोठ्यानें म्हणतात.

या दृष्टीनें आज मी हवाई बेटांविषयीं बोलणार आहें. प्रशांत महासागराच्या मध्यभागीं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारें ३८०० किलोमीटर अंतरावर हीं बेटें आहेत. मुख्य बेटें आठ, राजधानी होनोलुलु. १९५९ सालीं तीं अमेरिकेचें पन्नासावें राज्य झालीं. नाना वंशांचे लोक तेथें एका घरांतल्याप्रमाणें नांदतात, अशी या बेटांची जगभर कीर्ति आहे. आणि ती सर्वस्वी खोटी नाहीं, कारण वेगवेगळ्या वंशांतील विवाह तेथें जितके होतात तितके फार थोड्या ठिकाणीं होत असतील. परंतु तेथील वृद्ध माणसें आपल्या शाळेच्या आठवणी सांगूं लागलीं म्हणजे त्या चित्राची दुसरी बाजू दिसूं लागते. हवाई विद्यापीठानें १९७६ पासून साध्यासुध्या माणसांच्या आठवणी तोंडी मुलाखतींच्या रूपानें गोळा करण्याचें काम चालविलें. राजेरजवाड्यांचा इतिहास कागदपत्रांतून मिळतो. मळ्यावरील मजुराच्या मुलाचा इतिहास त्याच्या तोंडूनच मिळावयाचा.

या कथेचें मूळ ऊंसाच्या मळ्यांत आहे. १७७८ सालीं कॅप्टन कुकचीं जहाजें या बेटांस लागलीं, आणि त्यानंतर आलेल्या परक्या रोगांनीं तेथील मूळ समाजाची भयंकर हानि केली. कुकच्या वेळीं लाखांनीं मोजावी अशी वस्ती होती. १८९० च्या शिरगणतींत मूळ व मिश्र रक्ताचे मिळून सुमारें चाळीस हजारच हवाईयन उरले. दरम्यान १८३५ सालीं कौआई बेटावर कोलोआ येथें ऊंसाची मोठी लागवड सुरू झाली होती. मळे वाढले आणि हात अपुरे पडूं लागले. तेव्हां मळेवाल्यांनीं बाहेरून माणसें आणलीं : १८५२ सालीं चिनी, १८६८ सालीं सुमारें दीडशें जपानी व १८८५ पासून हजारोंनीं जपानी, १८७८ पासून मदीरा व अझोर्स बेटांतले पोर्तुगीज, १९०० सालीं पोर्तो रिकोचे, १९०३ सालीं कोरियाचे आणि १९०६ पासून फिलिपाइन्सचे लोक. आपल्या कोंकणांतील माणसें मॉरिशस बेटांत ऊंसाच्याच मळ्यांवर राबावयास गेलीं, हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल. याच काळांत, १८९३ सालीं, गोऱ्या व्यापाऱ्यांनीं व मळेवाल्यांनीं राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलें, आणि १८९८ सालीं बेटें अमेरिकेच्या ताब्यांत गेलीं.

इतक्या देशांचीं माणसें आणण्यांत मजुरांची गरज हें एक कारण होतें; दुसरें कारण असें कीं, एकाच देशाचे मजूर एकत्र झाले तर संप करतात, निरनिराळ्या देशांचे असले तर एकमेकांची भाषाच त्यांना समजत नाहीं. म्हणून मळ्यावर प्रत्येक जातीची वस्ती निराळी असे. जपानी चाळ एकीकडे, फिलिपिनो चाळ दुसरीकडे, पोर्तुगीज तिसरीकडे. मुकादम बहुधा गोरा किंवा पोर्तुगीज. मजुराला नांवानें न हांकारतां त्याच्या धातूच्या बिल्ल्यावरील आंकड्यानें ओळखीत. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पगार. एकाच कामाला जपानी मजुरास महिना १८ डॉलर, तर पोर्तुगीज व पोर्तो रिकन मजुरास साडेबावीस डॉलर मिळत. या भेदाविरुद्ध १९०९ सालीं ओआहू बेटावरील सुमारें सात हजार जपानी मजुरांनीं संप केला, आणि मळेवाल्यांनीं दुसऱ्या जातींचे मजूर अधिक रोजावर लावून तो मोडला. ज्याचा संप मोडला तो जपानी बाप आणि ज्यानें तो मोडण्यास हातभार लावला तो शेजारचा बाप, दोघांचीं मुलें दुसऱ्या दिवशीं एकाच शाळेच्या बांकावर बसलीं असतील. त्या बांकावर स्नेह सहज कसा उगवावा?

आतां पटांगणाकडे येऊं. तेथें प्रत्येक जातीस एक नांव ठेवलेलें असे. चिनी तो ‘पाके’, पोर्तुगीज तो ‘पोर्टगी’, फिलिपिनो तो ‘बुकबुक’, गोरा तो ‘हाओले’. यांतील कांहीं शब्द मूळचे निरुपद्रवी होते; ‘हाओले’ या हवाईयन शब्दाचा अर्थ एके काळीं केवळ ‘परका’ इतकाच होता. पण शब्दाची धार त्याच्या व्युत्पत्तींत नसते, तो उच्चारणाराच्या स्वरांत असते. पोर्तुगीज मुलास मूर्ख म्हणून हंसावें, फिलिपिनो मुलास कुत्रें खाणारा म्हणून चिडवावें, असा रिवाज पडला. त्यांत एक क्रम दिसून येतो. मळ्यावर जो सर्वांत शेवटीं आला व ज्याच्या वांट्यास सर्वांत हलकें काम आलें, त्याच्याच मुलांना शाळेंत सर्वांत जास्त सोसावें लागलें. मुलांनीं वेतनपत्रक कधीं पाहिलें नव्हतें, तरी तें त्यांना तोंडपाठ होतें.

याच पटांगणावर आणखी एक गोष्ट घडली, आणि ती सांगितल्याविना हा इतिहास अपुरा राहील. चिनी, जपानी, पोर्तुगीज, हवाईयन, फिलिपिनो अशा मुलांना एकत्र खेळावयाचें तर एक भाषा हवी. आईबापांजवळ मळ्यावर हुकूम समजण्यापुरती एक मोडकीतोडकी मिश्र बोली होती. मुलांनीं ती घेतली आणि दोन पिढ्यांत तिला स्वतःचें व्याकरण असलेली पुरी भाषा बनविली. लोक तिला अजूनहि ‘पिजिन’च म्हणतात, भाषाशास्त्रज्ञ मात्र तिचा अभ्यास नव्या भाषेच्या जन्माचें एक ठळक उदाहरण म्हणून करतात. ज्या पटांगणावर मुलें एकमेकांना हिणवीत होतीं, त्याच पटांगणावर तीं नकळत एक सामाईक मातृभाषा घडवीत होतीं. मोठ्यांना मजुरींत जें साधावयास फार कष्ट पडले तें मुलांनीं खेळांत साधलें. पुढें १९२० सालीं जपानी व फिलिपिनो मिळून आठ हजारांवर मजूर एकत्र संपांत उतरले, तेव्हां मळेवाल्यांना प्रथमच या नव्या जुळणीची चाहूल लागली.

शाळाखात्यानें या भाषेचें काय केलें? १८९६ च्या कायद्यानें शाळांतील शिक्षणाचें माध्यम इंग्रजी ठरलें होतें. हवाईयन मुलांना स्वतःच्या देशांत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल छड्या खाव्या लागल्या. ही आठवण असंख्य कुटुंबांनीं जपून ठेविली आहे. पुढें गोऱ्या पालकांनीं मागणी केली कीं, आमच्या मुलांना या पिजिनचा संसर्ग नको. खाजगी शाळेची फी सर्वांना परवडण्याजोगी नव्हती. म्हणून सरकारनें १९२४ सालीं ‘इंग्लिश स्टँडर्ड’ नांवाच्या निवडक सरकारी शाळा सुरू केल्या. नियमांत वंशाचें नांव कोठेंहि नव्हतें. मुलाची तोंडी परीक्षा घ्यावयाची. उच्चार शुद्ध असला तर प्रवेश, नसला तर सामान्य शाळा. परंतु कोणाच्या घरीं शुद्ध इंग्रजी बोललें जात होतें, हें कोणास ठाऊक नव्हतें? प्रारंभीं त्या शाळांत बहुतेक गोरींच मुलें दिसत. जीं थोडीं जपानी वा चिनी मुलें परीक्षा उतरून आंत गेलीं, त्यांना आपल्याच आळींतलीं पोरें ‘हाओले व्हावयास निघाला’ म्हणून टोमणे मारूं लागलीं. भेद दाराच्या आंतहि होता आणि बाहेरहि.

उरलेल्या मुलांची शाळा म्हणजे होनोलुलुचें मॅकिन्ले हायस्कूल. तेथें जपानी मुलांचा इतका भरणा होता कीं, लोक त्यास ‘टोकियो हाय’ म्हणत. १९२४ ते १९४८ पर्यंत माइल्स केरी हे तेथील मुख्याध्यापक होते. मजुरांच्या मुलांना मजुरीपुरतेंच शिकवावें असें मळेवाल्यांचें मत असतां त्यांनीं त्याच मुलांना स्वतंत्र विचाराचें व नागरिकत्वाचें शिक्षण दिलें. एका हेडमास्तराच्या हातांत किती थोडें असतें आणि तरीहि किती असतें, याचें हें उदाहरण आहे.

मग १९४१ सालचा ७ डिसेंबर उजाडला. जपानी विमानांनीं पर्ल हार्बरवर बाँब टाकले. बेटांतील एक तृतीयांशाहून अधिक प्रजा जपानी वंशाची होती. एका सकाळींत त्यांच्या मुलांचे चेहरे शत्रूचे चेहरे ठरले. आईबापांनीं जपानी पुस्तकें, चित्रें, बाहुल्या जाळल्या वा पुरून टाकल्या. दुपारच्या जपानी शाळा बंद झाल्या. ह्याच शाळांवर घातलेले जाचक निर्बंध १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविले होते. शाळेस जातांना प्रत्येक मुलाच्या खांद्याला विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा लटकत असे; सर्वांचे मुखवटे सारखे, पण संशय सर्वांवर सारखा नव्हता. त्या सकाळीं जखमींना मदत करण्यास धांवलेल्यांत मॅकिन्ले हायस्कूलचा सतरा वर्षांचा एक विद्यार्थी होता. त्याचें नांव डॅनियल इनोये. पुढें १९४५ सालीं इटलींत लढतांना त्याचा उजवा हात गेला, आणि १९६३ पासून २०१२ सालीं मृत्यु येईपर्यंत तो अमेरिकेच्या सिनेटचा सभासद होता.

युद्धानंतर पारडें फिरलें. जपानी वंशाचे लोक शिक्षक झाले, वकील झाले, १९५४ च्या निवडणुकीनंतर कायदेमंडळांत मोठ्या संख्येनें बसूं लागले. लष्करी तळांमुळें मुख्य भूमीवरून गोऱ्या शिपायांचीं मुलें सरकारी शाळांत येऊं लागलीं, आणि कित्येक शाळांत तींच संख्येनें थोडीं ठरलीं. या काळांतील एक आठवण फार गाजली आहे. सत्राच्या शेवटच्या दिवशीं ‘हाओलेंना मारण्याचा दिवस’ पाळला जाई, असें अनेक गोरे लोक सांगतात. कोणी म्हणतात, आम्हीं मार खाल्ला. कोणी म्हणतात, मार मिळाला नाहीं, पण त्या दिवशीं आईनें घरींच ठेवून घेतलें. आणि त्याच शाळांत शिकलेले दुसरे म्हणतात, असा दिवस आम्हीं ऐकला, पाहिला नाहीं. इतिहासकारानें येथें घाई करूं नये. ज्याला भय वाटलें त्याचें भय खरें होतें. एका मुलाच्या गालावर बसलेली चपराक त्याच्या पणज्याच्या अपराधाची फेड होऊं शकत नाहीं. तथापि त्या चपराकेवरून एका सबंध जातीचा स्वभाव ठरविणें हाहि तितकाच अन्याय होय. त्या पटांगणावर आलेला ‘हाओले’ हा शब्द मळ्यावरून, मुकादमाच्या घोड्यावरून, राणीच्या राजवाड्यावरून फिरत फिरत आला होता. आणि तो नेमका अशा शिपायाच्या मुलावर पडला, ज्यानें ऊंसाचा मळा कधीं पाहिलाहि नसेल.

अशा आठवणींत कोणाचीहि मक्तेदारी नाहीं. १९७१ सालीं होनोलुलुच्या पुनाहू या जुन्या खाजगी शाळेंत पांचवींत दाखल झालेल्या एका काळ्या बापाच्या मुलाला वर्गांतल्या पोरानें विचारलें कीं, तुझा बाप माणसें खातो काय? तो मुलगा पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झाला. बराक ओबामा यांनीं हा प्रसंग १९९५ सालीं आपल्या आत्मकथेंत नमूद केला आहे. आणि १९८६ च्या करारान्वयें मार्शल बेटें व मायक्रोनेशिया येथून आलेल्या कुटुंबांचीं मुलें आज तीच पायरी चढत आहेत. मार्शल बेटांवर अमेरिकेनें १९४६ ते १९५८ या काळांत ६७ अण्वस्त्रांच्या चांचण्या केल्या. तेथील लोकांच्या मुलांनाच आज हवाईंत ‘फुकटे’ म्हणून हिणविलें जातें. हिणविणाऱ्यांत ज्यांचे आजे-पणजे स्वतः ‘बुकबुक’ वा ‘पोर्टगी’ म्हणवून घेत होते अशींहि मुलें आहेत. प्रत्येक जमातीला स्वतः खाल्लेला मार आठवतो. दिलेला आठवत नाहीं.

मोठ्यांनीं जें केलें तें मोठ्यांनाच सुधारावें लागलें. ‘इंग्लिश स्टँडर्ड’ शाळा बंद करण्याचें १९४९ सालीं ठरलें, आणि शेवटचा वर्ग १९६० सालीं बाहेर पडला. १९७८ सालीं राज्यघटनेनें हवाईयन भाषेला राज्यभाषेचा दर्जा दिला. १९८४ सालीं कौआई बेटावर त्या भाषेंतील पहिली बालवाडी उघडली. आणि सरकारी शाळांत हवाईयन माध्यमास असलेली जवळजवळ नव्वद वर्षांची बंदी १९८६ सालीं उठली. ज्या भाषेपायीं आजीनें छडी खाल्ली, त्या भाषेंत नात अंकगणित शिकूं लागली.

श्रोतेहो, मुलांच्या मारामाऱ्या मिटविण्याचें काम मीं पुष्कळ केलें आहे. दोघांचे कान पिळावे, हातांत हात द्यावयास लावावे, आणि प्रकरण संपलें असें समजावें, ही आम्हां मास्तरांची जुनी रीत. हवाईचा इतिहास ती रीत अपुरी असल्याचें दाखवितो. मार देणाऱ्या मुलाला आवरलें पाहिजे, मार खाणाऱ्याला जवळ घेतलें पाहिजे. परंतु त्यानंतर एक प्रश्न उरतो, आणि तो मुलांना विचारून उपयोग नाहीं. ही शिवी या मुलानें कोणाच्या तोंडून ऐकली? बेटावर राहणाऱ्यांना तो प्रश्न टाळतां येत नाहीं, कारण चहूंकडे समुद्र असल्यामुळें उद्यां पुन्हां त्याच शेजाऱ्याचें तोंड पाहावयाचें असतें. आपल्याभोंवतीं समुद्र नाहीं. पण शेजारी बदलण्याची सोय आपणांस तरी कोठें आहे? आपलीं मुलें संध्याकाळीं घरीं परततात तेव्हां आपण शेजाऱ्यांविषयीं काय बोलत असतों, याकडे प्रत्येक घरानें एकदां कान द्यावा. उद्यांचें पटांगण तेथें तयार होत असतें.