मालवणचा प्रवाळ किनारा (हिवाळी सहल)

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली व देवबाग हा किनारपट्टा. पाण्याखाली उतरून जिवंत प्रवाळ पाहण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित ठिकाण. भीमा-घोडच्या काठच्या दौंड-शिरूरकरांना मोटारीने दिवसभरात गाठता येते. लक्षद्वीपसारखा प्रवेश-परवाना लागत नाही.

प्रवाळ : भारतातील मोठी प्रवाळक्षेत्रे चार, मन्नारचे आखात, कच्छचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. त्यांच्यापुढे मालवणचे क्षेत्र लहान आहे. येथे सलग भित्ती नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ खडकांवर प्रवाळांच्या विखुरलेल्या वसाहती आहेत. पोराइटिस, फेव्हाइटिस, टर्बिनेरिया ही त्यांतील काही प्रजातींची नावे. पोराइटिसचा गोटा लांबून निव्वळ दगड वाटतो. जवळ गेल्यावर त्यावर मिलिमीटरभर खळग्यांची जाळी दिसते आणि प्रत्येक खळग्यात एक जीव असतो. वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. हातभर रुंदीचा गोटा व्हायला वीसेक वर्षे जातात. त्यावर पाय टेकला, की वरची जिवंत साय खरवडून निघते आणि उघड्या भागावर शेवाळ धरते. 2014 ते 2017 या काळात समुद्र तापून जगभरचे प्रवाळ पांढरे पडले. त्यात मालवणचेही होते. 2001 पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. किनाऱ्यावर विकायला ठेवलेला तुकडा घेणेही त्यामुळे गुन्हा ठरतो.

हंगाम : पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात येतो व जलक्रीडा बंद असतात. दिवाळीनंतर पाणी निवळू लागते. दिवाळी-नाताळची सुट्टी ठरवताना तारखेइतकीच तिथीही पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोराचा असतो व तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा तळ स्पष्ट दिसण्याची शक्यता अधिक.

मार्ग : दौंडहून बारामती-फलटण-सातारा, शिरूरहून पुणे-सातारा, पुढे कोल्हापूर आणि घाट. रेल्वेने कुडाळ. चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला.

निवास : पर्यटन महामंडळाचे तारकर्ली निवासस्थान, गावांत घरगुती निवास-न्याहारी.

अभयारण्य : मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले, क्षेत्र सुमारे 29 चौ. किमी. मासेमारीवरील निर्बंधांना स्थानिक मच्छीमारांचा विरोध राहिला आहे.

सुरक्षितता : 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे असतील, जीवरक्षक जाकीट मिळत नसेल, तर चढू नये. पाण्याखालचे प्रशिक्षण महामंडळाच्या तारकर्ली येथील स्कुबा डायव्हिंग संस्थेत मिळते.

होडीवाला निवडताना दरापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात : नांगर कुठे टाकता आणि पर्यटकाला प्रवाळावर उभे राहू देता का? वाळूत नांगर टाकणारा व पाय टेकू न देणारा होडीवाला थोडे जास्त पैसे मागत असला, तरी त्यालाच काम द्यावे.